चार दातांची बिदागी

मिळकतीची वाटणी कशी करावी, ते तुम्ही मला विचारा. आमच्या रॉक बँडमध्ये आम्ही चौघं, आणि पहिल्याच दिवशी मी नियम घालून दिला होता: जे मिळेल त्याचे चार सारखे वाटे. एकदा बिदागी म्हणून एक छत्री मिळाली, तर चौघंही तिच्याखालून सारखेच भिजत घरी गेलो!

मग एका दातांच्या डॉक्टरांनी नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाला बोलावलं. आम्ही असं वाजवलं, की काचेच्या कपाटातली कवळी आपोआप ताल धरायला लागली. कार्यक्रम संपल्यावर डॉक्टर हात चोळत म्हणाले, "रोख काही उरलं नाही हो. सगळं त्या खुर्चीत गेलं. पण तुमचे चार दात फुकट काढून देतो."

चार माणसं, चार दात. इतका सरळ हिशेब आयुष्यात पुन्हा आला नाही.

अडचण एवढीच, की आमच्या गायकाचे तीन दात किडलेले. आणि शनिवारी तर आमचा पहिला रोखीचा कार्यक्रम, एका मोठ्या हॉटेलात. मालक खूश झाला तर दर शनिवार आमचा!

गायक गाल धरून म्हणाला, "तुमचे दात चांगले आहेत रे. तुमच्यातले दोन वाटे मला द्या."

"आज दात मागतोस, उद्या ड्रम मागशील," ड्रमवाला म्हणाला. हा गडी दातांनी बाटल्या उघडायचा.

"अरे, पण तू काढणार काय?" गायकानं विचारलं.

"ते माझं मी बघीन. हक्काचं सोडायचं नाही."

बेसवाला आठवड्याला एक वाक्य बोलायचा. तो नुसता खुर्चीत जाऊन बसला आणि त्यानं आ केला.

नियम घालणारा मी, मी कसा मागे राहणार? डॉक्टरांनी विचारलं, "कुठला काढू?" म्हटलं, "तुम्हाला सोयीचा पडेल तो." आम्ही तिघांनी धडधाकट दात उपटून घेतले. गायकाचा एक गेला, दोन ठणकत राहिले.

शनिवारी गायकानं पहिला सूर लावला आणि दाढेतून अशी कळ निघाली, की निरोगीपणी स्वप्नातही न लागलेला वरचा सूर त्याला लागला. लोक घास हातात धरून बसले. पुढच्या टेबलावरची बाई तर नवऱ्याच्या रुमालात नाक शिंकरून रडली. मालक डोळे पुसत म्हणाला, "काय दर्द आहे हो गळ्यात."

"गळ्यात नाही," ड्रमवाला म्हणाला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

दर शनिवार पक्का झाला. पैसे हातात पडताच गायक म्हणाला, "मी आधी दवाखान्यात जातो." आम्ही तिघांनी त्याला असं घेरलं, जसं चोराला गाव घेरतं. मी माझाच नियम मोडला. त्याला दोन वाटे, अट एकच: दात जागेवर राहिले पाहिजेत. बिचारा कबूल झाला.

पण हाल बघवेनात. तो दूधसुद्धा गाळून प्यायचा. तालमीत उशीवर गाल टेकून पडायचा आणि वर आम्हालाच विचारायचा, "परवाचं बरं झालं ना रे?"

शेवटी बेसवाल्यानं आठवड्याचं वाक्य खर्च केलं. "मला नाही बघवत."

आमच्या तिघांच्या वाट्यातून पैसे घालून त्याचे दोन्ही दात काढून टाकले.

पुढच्या शनिवारी तो काय गायला म्हणून सांगू, मध नुसता. लोक पोटभर जेवले, ढेकर देऊन घरी गेले. मालकानं मला बाजूला घेतलं. "तो आधीचा दुःखी माणूस कुठे गेला? हा सुखी माझ्या काय कामाचा? तो आला तरच पुढच्या शनिवारी या."

बाहेर येऊन मी हे सांगितलं, तर कुणी कुणाकडे बघेना. गायकाला मात्र राहवेना. "माझ्यापायी तुमचं नुकसान नको," म्हणत सोमवारी त्यानं आम्हाला ओढत दवाखान्यात नेलं. खुर्चीत बसला, डोळे मिटले आणि म्हणाला, "डॉक्टर, ते दोन परत बसवता येतील का?"

"बसवू की," डॉक्टर म्हणाले. "मात्र आता रोख."