कवायतसरांची गिरकी

तीस वर्षे मुलांना ‘मागे वळ!’ म्हणून वळवणाऱ्या कवायतसरांनी निवृत्तीनंतर एके सकाळी एक छोटासा निर्णय घेतला: यापुढे हलायचेच नाही. आदल्या दिवशी खाली वाकून मोजे काढताना अख्खे घर त्यांच्याभोवती फिरले होते आणि पत्नीने स्कूटरची किल्ली उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकली होती. हलले की चक्कर येते. अर्थात, न हलले की येणार नाही. (गणिताच्या सरांशी त्यांचे कधीच का पटले नाही, हे यावरून ध्यानात यावे.)

पंधरा दिवस सर खुर्चीत पुतळ्यासारखे बसले. कोणी हाक मारलीच, तर मान न वळवता कपाटासारखे सबंध वळत. म्हाताऱ्याला शिष्टपणा चढला, असे शेजाऱ्यांचे मत पडले. सोळाव्या दिवशी आधाराशिवाय उभे राहणेही जमेना.

“चला, तपासून घेऊ,” पत्नी म्हणाली.

“मला काहीही झालेलं नाही!”

“मग त्या भिंतीला काय झालंय? तिला का धरून उभे आहात?”

दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट वयाने लहान, पण आवाजाने करडी निघाली.

“तोल कानात असतो, सर.”

“असेल. मी आजवर दुसऱ्यांचेच पिळले.”

“बसून राहिलात म्हणून वाढलं. मान रोज थोडी थोडी हलवलीत, की मेंदूला सवय होते. आता दहा पावलं चाला, सावकाश वळा, परत या. जमलं तर यांच्या पर्समधल्या किल्लीचं बघू.”

किल्लीचे नाव निघताच सरांची छाती फुगली. दहा पावले त्यांनी झोकात टाकली. पण सावकाश वळणे हा प्रकार त्यांच्या कवायतीत कधी नव्हताच. टाच आपटून ते गर्रकन वळले. त्यांच्याबरोबर खोलीही वळली आणि ती काही थांबेना. हाताला लागले ते सरांनी कवटाळले. तो कोपऱ्यातला प्लास्टिकचा सांगाडा होता. दोघेही गादीवर आडवे झाले.

“सोडा त्याला,” पत्नी म्हणाली. “तो आधीच गेलाय!”

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर पत्नीचे हुकूम घुमू लागले: “मान डावीकडे! सावकाश! सावकाश म्हटलं ना?” सर निमूटपणे पाळत. तीन महिन्यांनी भिंतीवाचून आणि सांगाड्यावाचून त्यांनी झकास वळून दाखवले आणि ऐटीत हात पुढे केला.

“किल्ली!”

“मागे बसा,” हेल्मेट चढवीत पत्नी म्हणाली. “तुम्ही पुतळा होऊन बसला होतात ना, तेव्हाच मी शिकले.”

पहिल्याच वळणावर सरांनी डोळे मिटून तिचा खांदा गच्च धरला. चक्कर आली होती. मात्र या वेळी कानाचा काडीमात्र दोष नव्हता.