मधल्या जागेतला आवाज

बाई रोज दुपारी बाथरूमचं दार लावून प्रेमाचे संवाद म्हणत. परभाषेतल्या सिनेमांना आवाज देणं हा त्यांचा पंचवीस वर्षांचा धंदा, आणि घरात आवाज घुमणारी जागा ती एकच. या खेपेचा सिनेमा होता पन्नाशीला टेकलेल्या विधवेचा आणि तिच्या बागेत काम करणाऱ्या तरुणाचा.

या जातीच्या सिनेमातली बाई त्यांना आता तोंडपाठ झाली होती. तिचं घर समुद्राकाठी असतं. तिचे गुडघे कधी दुखत नाहीत. चष्मा असला तर तो फक्त काढून ठेवण्यापुरता. आणि सगळं सुरळीत चाललेलं असताना शेवटी तिला एकाएकी शहाणपण सुचतं, ती त्या तरुणाला त्याच्या वयाच्या मुलीकडे धाडून देते आणि डोळे पुसत खिडकीत उभी राहते. बाईंनी आजवर अशा कितीतरी जणींना खिडकीत उभं केलं होतं. पोरसवदा नायिकेच्या मागे धावणारा साठीचा नायक खिडकीत उभा राहिल्याचं मात्र त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

एरवी त्या हसून सोडून देत. यंदा ते जमेना, कारण स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट वर्षभरापासून त्यांच्याकडे जेवायला येत होता. तो त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. शेजाऱ्यांना त्यांनी 'कामाचा माणूस' म्हणून सांगितलं होतं. लेकीला तेवढंही नाही. निरोपाचा प्रसंग पाठ करताना आपण हे मनापासून तर म्हणत नाही ना, अशी शंका त्यांना चाटून जाई.

त्या दुपारी इमारत अगदी चिडीचूप होती. बाथरूमच्या जाळीपलीकडे, सगळ्या मजल्यांचे पाइप जातात त्या डक्टमध्ये, कुठेतरी पाणी टपकत होतं. बाई म्हणाल्या, "तू अजून लहान आहेस. लोक काय म्हणतील?" आणि नायकाच्या वाक्यापुरती जागा सोडून थांबल्या.

"म्हणू देत," जाळीतून आवाज आला.

बाईंच्या हातातले कागद बादलीत पडले. भास झाला असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि दुसऱ्या दिवशी, जरा दबकतच, पुढचं वाक्य म्हटलं. त्यात विधवा म्हणते की मी तुझ्या आयुष्यात फार उशिरा आले. मधल्या जागेत कोणीतरी दीर्घ उसासा टाकला आणि पुटपुटलं, "आलात हेच खूप झालं." हे वाक्य सिनेमात नव्हतंच.

रेकॉर्डिस्टला सांगितलं तर तो पोट धरून हसला. पाइपातून आवाज कसा फिरतो यावर त्याने त्यांना छोटंसं व्याख्यानही दिलं. तिसऱ्या दिवशी तो आपला चांगला माइक आणि रेकॉर्डर घेऊन आला, रेकॉर्डर दाराबाहेर ठेवला आणि कानांवर हेडफोन चढवून पालथ्या बादलीवर बसला. बाईंनी निरोपाचं पहिलं वाक्य म्हटलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं.

"कोणीतरी श्वास घेतंय," तो कुजबुजला. "आपण दोघं नाही."

तेवढ्यात डक्टमध्ये घसा खाकरल्यासारखं झालं आणि अगदी जवळून, जणू खांद्यामागूनच, प्रश्न आला.

"हा कोण?"

रेकॉर्डिस्ट उठला तशी बादली एकीकडे गेली, वायर पायात अडकली, आधाराला धरलेला नळ पिरगळला आणि शॉवर सुरू झाला. माइक भिजला, तो भिजला, दाराबाहेरचा रेकॉर्डर तेवढा वाचला. बाहेरच्या खोलीपर्यंत तो धावत गेला, पण तिथून तसाच परत आला आणि बाईंचा हात धरून म्हणाला, "मॅडम, चला." घरात तो त्यांना कधी मॅडम म्हणत नसे.

ते दारापाशी पोहोचतात तोच बेल वाजली. दोघंही जागच्या जागी थिजले. दार उघडलं तर वरच्या मजल्यावर नुकतेच राहायला आलेले काका, इस्त्रीचा शर्ट घालून.

काकांनी खाली मान घालून कबुली दिली. ते एकटे राहतात, त्यांच्या बाथरूममध्ये बाईंचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, आणि हे आपल्यालाच उद्देशून चाललंय असा त्यांचा समज झाला होता. म्हणून दोनदा उत्तर दिलं. "तुम्ही मला लहान म्हणालात," ते म्हणाले. "सत्तरीनंतर तसं कोणी म्हणत नाही हो."

रेकॉर्डिस्टचा जीव भांड्यात पडला. ओल्या केसांतून हात फिरवत तो हसला आणि म्हणाला, "पण काका, 'हा कोण' असं एकदम विचारलंत, तेव्हा घाबरलोच मी."

"ते मी नाही विचारलं," काका म्हणाले. "मी केव्हाचा जिन्यात उभा होतो. धीर होत नव्हता."

रेकॉर्डिस्टने नुकतंच रेकॉर्ड झालेलं पुन्हा लावलं. बाईंनी हेडफोन कानाला लावला. आधी ते घसा खाकरणं, मग तो प्रश्न. आयुष्यभर कुठलीही गोष्ट विचारण्याआधी त्यांचे यजमान असाच घसा खाकरत. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

बाईंनी हेडफोन अलगद खाली ठेवला. दोघांना बसायला सांगून त्या बाथरूममध्ये गेल्या, शॉवर बंद केला आणि दार लावून घेतलं.

"माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे," त्या जाळीकडे बघत म्हणाल्या. आवाज चिरकत होता. स्टुडिओत तो कधी चिरकला नव्हता. "घाबरला, पण परत आला. मी त्याला कुठेही धाडणार नाही. लेकीलाही आजच सांगणार आहे."

पाणी टपकत राहिलं. मग घसा खाकरल्याचा आवाज आला.

"चहा करता येतो त्याला?"

"येतो. तुम्हाला कधी आला नाही."

गेले असतील, असं वाटून बाई वळल्या.

"बरं," आवाज म्हणाला. "तुला साखर कमी लागते, तेवढं सांग त्याला."

बाहेर दोघंही उभेच होते. कोणाशी बोलत होतीस, असं रेकॉर्डिस्टने विचारलं.

"घरच्यांशी," बाई म्हणाल्या आणि फोन घेऊन लेकीचा नंबर लावू लागल्या.