रविवारच्या रश्श्यातलं मीठ

“कोणी विश्वास ठेवणार नाही बाई, पण या रविवारी आमच्या घरी चौघांनी मिळून गंजभर रस्सा खारट केला, आन थो सुधराले पाण्याचा टँकर लागला,” महादेवराव म्हणाले.

शेजारच्या खुर्चीत हाताला सलाईन लावून पडलेल्या तुळसाबाईंनी एक डोळा उघडला.

“बालटी म्हणा, भाऊ.”

“टँकर. मागं नळी असते नं, थो.”

तुळसाबाईंनी दुसराही डोळा उघडला. त्यांची सून मिनल स्टुलावर बसून संत्रं सोलत होती, तिचाही हात थांबला.

त्या वॉर्डात केमोच्या सहा खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीला नातेवाइकासाठी एकेक स्टूल. पाच स्टुलांवर माणसं बसली होती. सहाव्यावर महादेवरावांची कापडी पिशवी होती, तीही माणसासारखी ताठ, कारण तिच्यात चार पुड्यांचा डबा होता. कुणी स्टूल मागायला आलं की महादेवराव पिशवीवर हात ठेवून सांगत, “ऋषिकेशची जागा हाय. गाडी लावून राहिला.” ऋषिकेश म्हणजे त्यांचा मुलगा. मागच्या तीन खेपांनाही तो गाडीच लावत होता.

आज मात्र सिस्टर वैभवी हे ऐकून घ्यायला तयार नव्हती. मागच्या खेपेला महादेवरावांना गेटजवळ चक्कर आली होती आणि चौकीदारानं त्यांना आपल्या खुर्चीत बसवून पाणी पाजलं होतं. तेव्हापासून डॉक्टरांनी फाइलवर लाल पेनानं लिहून ठेवलं होतं, सोबतच्या माणसाची सही घेतल्याशिवाय घरी सोडायचं नाही.

“काकाजी, बाटली संपेपर्यंत तुमचा मुलगा वर आला नाही, तर फाइलमधल्या नंबरवर मी फोन लावीन,” ती म्हणाली होती.

“फोन कायले? येते नं. पार्किंगले जागा नाही भेटत.”

“दोन तास?”

“नागपूर वाढून राहिलं, बाई.”

सिस्टर हसली नव्हती. महादेवरावांनी वर टांगलेल्या बाटलीकडे पाहिलं. अर्धी उरली होती. त्या अर्ध्या बाटलीत कधी नव्हे तो फोन लागेल, पुण्यात ऋषिकेश कामातून उठेल आणि विचारेल, “बाबा, तुम्ही तं म्हणत होते, सोबत कोणी ना कोणी असते.” तेवढं एक वाक्य त्यांना ऐकायचं नव्हतं. म्हणून त्यांनी बाटलीकडे पाठ फिरवली, तुळसाबाईंकडे तोंड केलं आणि रश्श्याची गोष्ट काढली.

“आमच्या घरची रीत अशी का शिजवणाऱ्यानं चाखू नये,” ते सांगू लागले. “वाफेनं त्याच्या जिभेले भूल पडते. त्यानं थेंबभर रस्सा घरच्या मोठ्या माणसाच्या डाव्या हातावर टाकाचा, मोठ्यानं चाटाचा, डोळे मिटाचे, आन मीठ सांगाचं. माहा बाप मागावर बसल्या बसल्या सांगे. एका हातानं धोटा फेके, दुसरा मायपुढे धरे. धोटा थांबला नाही कधी.”

“उमरेडले आमच्याकडेही सासऱ्यालेच विचारत होते,” तुळसाबाई म्हणाल्या. त्यांचं आयुष्य विणकरांच्या घरात गेलं होतं. बोलतानाही त्यांची बोटं चादरीचा एक सुटा दोरा ओढत असत.

“तं पाहा. बाप गेल्यावर मी. तीस वर्षं खापरखेड्याच्या पॉवर हाउसात ड्यूटी केली, पण रविवारी मीठ सांगाले घरी. आन या केमोनं पहिल्याच खेपेले जीभ नेली. श्रीखंड खा का साबण खा, सारखंच.”

“मले तं चहा बी लोखंडासारखा लागते.”

“पण मी घरी सांगितलंच नाही.”

“काहून?” मिनलनं विचारलं.

महादेवरावांनी पिशवीचा बंद उगाच सरळ केला. “अगं पोरी, बिमार पडल्यापासून मले घरात कोणी काही विचारतच नव्हतं. पंखा कमी करू का, पाय वर घेता का, एवढंच. दिवाणावर ठेवलेला पाहुणा झालो मी. मीठ सांगाचं तेवढं एक काम उरलं होतं. थेही गेलं असतं तं मंग मी घरात कोण?”

संत्र्याची फोड मिनलच्या हातातच राहिली.

“झालं असं,” महादेवराव घाईघाईनं पुढे निघाले, “रविवारी मटण चढलं. आमची भागीरथा आली, हातावर थेंब टाकला, म्हणते, मीठ पाहा. मी चाटलं. आता काय सांगू, काहीच लागत नाही. दर वेळी बरोबर म्हटलं तं संशय येते. म्हणून म्हटलं, थोडं कमी हाय. तिनं टाकलं आन गेली देवपूजेले. मंग सूनबाई आली, भूमिका. तिले काय माहीत सासूनं विचारलं म्हणून. बाबा, मीठ? मी आपल्या शब्दाचा पक्का. कमी हाय. तिनं टाकलं. मंग ऋषिकेश. कमी हाय. त्यानं टाकलं. मंग नातू, गोलू, वय वर्षं सहा. आबाजी, मी बी विचारू? विचार बेटा. कमी हाय. त्यानं चमचा नाही घेतला, बरणीच वाकडी केली.”

तुळसाबाईंच्या पोटातून हसू आलं आणि खोकल्यात मिसळलं. पलीकडच्या खुर्चीशेजारचा एक जण स्टूल घेऊन जवळ सरकला. मग आणखी एक. बाटली पाव उरली होती.

“पहिला घास ऋषिकेशनं खाल्ला. त्याचे डोळे असे झाले. पण मी समोर बसलो होतो नं, थो काय म्हणणार? म्हणते, बाबा, एकदम बरोबर. सूनबाई म्हणते, एकदम बरोबर. आन सगळे तांब्यावर तांबे पाणी पिऊन राहिले. मी म्हटलं, एवढी तहान? भागीरथा म्हणते, ऊन लय हाय. नोव्हेंबरात.”

“मंग टँकर?” तुळसाबाई विसरल्या नव्हत्या.

“येतो नं टँकरवर. मी आंघोळीले गेलो तशी यायनं रश्श्यात कणकेचे गोळे सोडले. गोळे खारट झाले, रस्सा तसाच. मंग बटाटे सोडले. मंग पाणी. गंज भरला, मोठा गंज घेतला. थोही भरला. मंग लग्नाचं पातेलं उतरवलं माळ्यावरून. घरातलं पाणी सरलं. तेवढ्यात नंदनवनच्या आमच्या गल्लीत टँकर आला होता, ऋषिकेशनं त्याची नळी ओढली आन सरळ पातेल्यात. मी आंघोळ करून येतो तं अंगणात रस्सा, ओसरीवर रस्सा, आन शेजारचा नत्थू ड्रम घेऊन रांगेत उभा.”

“नत्थू कायले?”

“त्याले वाटलं टँकरमधून रस्साच वाटून राहिले.”

आता सगळा वॉर्ड हसत होता. सलाईनच्या नळ्या हलत होत्या. सिस्टर वैभवीनं काचेतून पाहिलं, बाटलीकडे पाहिलं आणि फाइल उचलली. महादेवरावांनी तिला उठताना पाहिलं. त्यांचा आवाज एक पट्टी वर गेला.

“चाळीस माणसं जेवली. पंगत बसली गल्लीत. आन चाळीसच्या चाळीस माह्या तोंडाकडे पाहून म्हणतात, महादेवराव, मीठ एकदम बरोबर. मी पातेल्यापाशी खुर्ची टाकून बसलो होतो. नातू मांडीवर. भागीरथा वाढून राहिली. माह्या जिभेले काही लागत नव्हतं, पण अशी चव, बाई, जन्मात नाही पाहिली.”

“फेकता तुम्ही,” तुळसाबाई प्रेमानं म्हणाल्या.

“खोटं वाटते? थांबा.” महादेवरावांनी मोकळ्या हातानं पिशवी ओढली आणि डब्याचा वरचा पुडा काढला. “त्याच पातेल्यातला. फ्रिजमधे ठेवला होता. पाहा चाखून, अजून खारट हाय.”

“माही जीभ कुठची? मिनल, तू पाहा वं.”

मिनलनं झाकण काढलं. वर लाल तर्री होती. कांद्याचे ओबडधोबड मोठे तुकडे होते, एक बाजू करपून काळी झाली होती. खालचे तीन पुडे उचलताना हलके लागले, रिकामेच होते. चमचा एकच होता. मिनलनं बोट बुडवून जिभेला लावलं. पुन्हा लावलं.

“खारट हाय नं?” महादेवरावांनी विचारलं.

मिनल त्यांच्या हाताकडे पाहत होती. उजव्या हाताच्या नखांत हळद होती आणि अंगठ्यावर सुरीचा ताजा काप.

सिस्टर वैभवी खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. बाटली संपली होती.

“काकाजी, कोण आहे सोबत?”

“थो गाडी...”

“मी आहो,” मिनल म्हणाली. तिनं बोट पदराला पुसलं आणि पेन मागितलं.

सिस्टरनं तिच्याकडे पाहिलं, तुळसाबाईंकडे पाहिलं. “तू तर यांची सून.”

“हो.”

“मग इथे नातं काय लिहू?”

“सूनच लिहा. जो गाडी लावून राहिला नं, त्याची बायको.”

तुळसाबाईंनी सुनेकडे टक लावून पाहिलं. मग त्या सिस्टरला म्हणाल्या, “लिहून टाक बाई. आमच्या घरी सगळे गाडीच लावतात. जाताना या भाऊले नंदनवनले सोडून मंग उमरेडची बस धरू आम्ही.”

सिस्टर वैभवी थोडा वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत राहिली. मग तिनं लिहिलं, सही घेतली, महादेवरावांच्या हातातली सुई काढून कापूस दाबायला दिला आणि निघून गेली.

स्टूल घेऊन आलेली माणसं आपापल्या जागी परतली. महादेवरावांनी कापूस दाबून धरला होता. त्यांनी घसा खाकरला आणि जणू मधे काही घडलंच नव्हतं असं पुन्हा सुरू केलं.

“तं मी काय सांगत होतो? चौघांनी टाकलं म्हणून एवढं खारट. तू चाखलं नं पोरी, सांग सासूले.”

मिनलनं पिशवी स्टुलावरून खाली ठेवली, स्वतः त्या स्टुलावर बसली आणि डब्याचं झाकण नीट दाबून लावलं.

“काकाजी,” ती म्हणाली, “याच्यात मीठ कोणीच टाकलं नाही.”