उत्तरदायी मंडळाची नदी

एका जंगलात एक नदी होती, आणि नदी म्हटल्यावर तिच्यावर मंडळ आलंच. बाळांनो, मंडळ म्हणजे काय ते मला विचारू नका. ते मंडळालाही नीटसं ठाऊक नव्हतं.

मंडळाचं काम एकच. नदीतला गाळ काढायचा आणि तराफा चालू ठेवायचा. अध्यक्ष होते रेडेसाहेब. त्यांना गाळात लोळल्याशिवाय झोप येत नसे. सचिव बगळे. त्यांना मासे उथळ पाण्यातच सापडत. त्यामुळे गाळाची निगा अगदी मनापासून राखली जाई.

एकदा सिंहमहाराजांनी फर्मान काढलं, 'मंडळाने उत्तरदायी राहावे.' बगळ्यांनी ते वाचलं आणि सगळं कार्यालय उत्तर तीरावर हलवलं. प्रजा राहत होती दक्षिण तीरावर.

मग एके दिवशी तराफा मधोमध रुतला. तराफा ओढणारं कासव जेवायला निघून गेलं. वर राहिलं तानी हरणीचं पाडस, एकटं.

"साहेब, माझं लेकरू अडकलंय," दक्षिण तीरावरून तानी म्हणाली. "तेवढा गाळ काढता का?"

"प्रश्न दक्षिणेचा दिसतोय," बगळे म्हणाले. "उत्तर उत्तरेलाच मिळेल. समक्ष या."

"येऊ कशी? मध्ये गाळ आहे ना."

"मग तीच तक्रार घेऊन या."

पाडस रडत होतं. आईच ती, शिरली गाळात. आधी पोटापर्यंत, मग गळ्यापर्यंत. पाडसाला पाठीवर घेऊन कशीबशी पलीकडे पोचली.

"साहेब, नदी बंद पडलीय," ती धापा टाकत म्हणाली.

रेडेसाहेब गाळातून अर्धवट उठले. "बाई, तुम्ही आलात कुठून?"

"नदीतूनच."

"म्हणजे चालू आहे. तक्रार फेटाळली. बगळे, हार आणा. दोन प्रवासी सुखरूप पोचलेत."

"आणि आता घरी कशी जाऊ?"

"परत जाणं हा दक्षिणेचा विषय," बगळे म्हणाले आणि तिच्या गळ्यात हार घातला. सांगताना अजून माझं डोकं तापतं.

जलमार्ग चालू असल्याची दवंडी पिटली गेली. दवंडीवर विश्वास ठेवून सशांचं एक कुटुंब निघालं. ते पलीकडे पोचलं नाही.

वर्षअखेरीस मंडळाने महाराजांना कळवलं, की बुडालेल्यांपैकी एकाचीही तक्रार आलेली नाही. महाराज खूश झाले. त्यांनी समुद्राकाठचं बंदरही याच मंडळाकडे सोपवलं.

तात्पर्य: गाळात रुतलात, तर रुतूनच राहा. बाहेर निघालात की गाळ नव्हताच असं ठरतं.