दुसरा सेनापती असता तर

आमच्या रावेतच्या सोसायटीत नवीन माणूस राहायला आला, की ढमालेकाका पहिल्याच दिवशी त्याला पानिपतावर पाठवतात. सामान अजून टेम्पोतच असतं, बायको कुकर शोधत असते आणि काका दारात उभे. "तुम्ही सेनापती असता तर काय केलं असतं?"

बहुतेक जण गनिमी कावा सांगतात. मीही तेच सांगितलं होतं. "बरोबर बायकामुलं, यात्रेकरू. कसला गनिमी कावा करता राव?" आधीच हल्ला केला असता म्हणावं, तर हुकमी प्रश्न तयार: "आणि रसदीचं काय?" जेवणाच्या टेबलावर आमटीचं पातेलं म्हणजे शत्रू आणि चपात्यांचा डबा म्हणजे आपण. डबा हरेपर्यंत कुणाला घास मिळत नाही. काकू म्हणतात, "अहो, रसद गार होतेय."

पुतणीला बघायला हिंजवडीतला मुलगा आला, तेव्हा पोह्यांची बशी हातात देऊन काकांनी त्यालाही सेनापती केलं. तो बिचारा म्हणाला, "आधी सगळ्यांची मीटिंग घेतली असती."

"सैन्य उपाशी आणि तुम्ही मीटिंग घेता?"

लग्न जमलं ते काकूंच्या पुण्याईनं.

सेनापती कोणीही नेमा, आपण हरतोच. मला याचा भारी राग यायचा. एकदा तरी जिंकू द्या की माणसाला! तसं बोललो, तर काकूंनी मला जिन्यात गाठलं. "भाऊजी, कुणी जिंकलं तर त्यांना झोप लागायची नाही."

मग सगळं कळलं. चाकणच्या कंपनीत काका युनियनचे पुढारी होते. संप त्यांनीच पुकारला. तीन महिन्यांत घरोघरचे डबे रिकामे झाले, माणसं एकेक करून कामावर परतली आणि जे शेवटपर्यंत काकांबरोबर राहिले, त्यांची नोकरी गेली. दुसरा पुढारी असता तर ती वाचली असती का, हा प्रश्न काकांना सोडत नव्हता. तेव्हापासून मी मुकाट्यानं हरतो.

गेल्या महिन्यात काकांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होतो, ते एरवी टाळतात त्या थेरगावच्या रस्त्यानं. डांगे चौकाजवळ माझी जुनी स्कूटर पंक्चर झाली. ढकलत पहिल्या दुकानापाशी नेली, तर काका रस्त्यातच थबकले. दुकान लतीफभाईंचं होतं. कंपनीत वेल्डर होते, संपात शेवटपर्यंत राहिलेले. काका हा रस्ता का टाळतात, ते मला तेव्हा समजलं.

लतीफभाईंनी स्टूल पुसून पुढे केलं. "बसा दादा. चहा सांगतो."

चाक खोलता खोलता ते मुलीच्या नोकरीचं, स्वतःच्या गुडघ्यांचं सांगत राहिले. काकांचा चहा तसाच. मग एकदम, "लतीफ, पानिपतावर दुसरा सेनापती असता तर?"

मी कपाळाला हात लावला.

लतीफभाईंनी पाना खाली ठेवला. "पानिपतचं मला काय माहीत न्हाई, दादा. आपलं सांगतो. दुसरा कोणी असता, तर आमी त्याच्यामागं गेलोच नसतो."

"मग नोकरी वाचली असती तुझी."

"वाचली असती की. पण नोकरीचं दुःख कधीच गेलं. इतकी वर्षं तुमी एकदाबी दुकानावर आला न्हाईत, ते जास्त लागलं."

काकांनी मान खाली घातली. मग बाह्या वर सारून त्यांनी लतीफभाईंच्या हातातली ट्यूब घेतली, पाण्याच्या घमेल्यात बुडवली, आणि दोघं डोक्याला डोकं लावून बुडबुडा शोधू लागले. डॉक्टरांची वेळ टळून गेली. मला फार बरं वाटत होतं, म्हणून मी आठवण केली नाही.