सामायिक कप्प्याचा चौथा नियम

सामायिक वस्तू कशी वापरली जाते, यावरून समाजाची पातळी कळते. आमची पातळी बरीच वरची आहे. फिनलंडमधल्या लाहती शहरातल्या आमच्या इमारतीत चौसष्ट बिऱ्हाडांना मिळून एक सौना, म्हणजे फळ्यांवर बसून वाफ घ्यायची गरम खोली, आहे. आपली तासाभराची पाळी संपली की प्रत्येक जण फळ्या धुतो, बादली उपडी घालतो आणि सौना होता तसा ठेवून जातो. आधी कोणी येऊन गेलं होतं, हे पुढच्याला कळतासुद्धा कामा नये.

ऑफिसही आम्ही याच तत्त्वावर चालवतो. आम्ही तिघं: हिल्लेवी, तार्मो आणि मी. कामाचा संगणक एक. त्याच्या डिस्कचे चार कप्पे केले आहेत. तीन कप्प्यांत तीन ऑपरेटिंग सिस्टिम, ज्याची त्याला. चौथा कप्पा सामायिक. प्रोग्राम तयार करायचं सॉफ्टवेअर या चौथ्या कप्प्यात एकदाच बसवलं आहे. तेच ते तीनदा बसवणं हा उधळेपणा होय, असं ठरावात नमूद आहे. (ठराव मीच लिहिला.)

आता, सॉफ्टवेअर आपला पत्ता लक्षात ठेवतं. बसवणाऱ्या माणसाने त्याला 'एफ' अक्षराचा पत्ता दिला आणि तो निघून गेला. हिल्लेवीच्या सिस्टिमला हा कप्पा 'डी' म्हणून दिसतो, तार्मोच्या सिस्टिमला 'ई' म्हणून, आणि माझ्या सिस्टिमला अक्षरांचंच वावडं आहे. म्हणजे 'एफ' कोणाचाच नाही. त्यात कोणालाही झुकतं माप मिळत नसल्यामुळे तोच पत्ता कायम करण्यात आला. पाळी सुरू झाली की ज्याने त्याने पत्ता 'एफ'वरून आपल्याकडे आणायचा, आणि उठताना परत 'एफ'वर नेऊन ठेवायचा. तीन तासांच्या पाळीतली पन्नास मिनिटं यात जातात, पण ती कोणाला जाचत नाहीत.

शिवाय नियम आहेत. चौथा: सॉफ्टवेअर होतं तसं ठेवावं, बसवल्या दिवशी जे त्यात नव्हतं, ते पुसावं. सातवा: सामायिक कप्प्यातली वस्तू स्वतःच्या कप्प्यात नेऊ नये. गेल्या एकवीस महिन्यांत पुसल्याच्या नोंदी १,२१८, तक्रारी शून्य, तयार झालेले प्रोग्राम दोन. (त्यातला एक नजरचुकीने राहिला.)

तिसरा हिल्लेवीचा होणार होता. ती आमच्याच इमारतीत राहते. तिथली सौनाच्या पाळ्यांची यादी अध्यक्ष एन्सिओ पेन्सिलीने करतो, म्हणजे मागच्या वर्षीची उतरवून काढतो. त्यामुळे अकरा वर्षं हिल्लेवीची पाळी मंगळवारी दुपारी तीनची आहे. तेव्हा ती ऑफिसात असते आणि सौना कोमट. शनिवारी संध्याकाळी सहाची पाळी सगळ्यांनाच हवी असते. हिल्लेवीचा प्रोग्राम दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून पाळ्या फिरवणार होता. शुक्रवारी संध्याकाळच्या सभेत तो दाखवायचा, नाहीतर एन्सिओ पेन्सिलीला टोक काढायला बसलेलाच होता.

बुधवारी कॉफीच्या वेळी तार्मोने विचारलं, "होईल ना गं उद्या?"

"व्हायलाच हवं. यंदाही शनिवार मिळाला नाही, तर मी सरळ तळ्यात उडी घेईन."

"तळं गोठलंय."

"भोक पाडून घेईन. तिथे पाळी तरी लागत नाही."

तार्मो माझ्याकडे वळला. "तू का रे गप्प?"

"मी नेहमीच गप्प असतो," मी म्हणालो. हे खरं आहे.

गुरुवारी अकरा ते दोन हिल्लेवीची पाळी. दोनला पाच मिनिटं कमी असताना प्रोग्राम तयार झाला आणि सॉफ्टवेअरच्या पोटातच, चौथ्या कप्प्यात, राहिला. सातव्या नियमाने तो तिला स्वतःकडे नेता येईना, चौथ्याने ठेवता येईना. तिने आयुष्यातला पहिला गैरप्रकार केला: पडद्यावर पिवळी चिठ्ठी चिकटवली आणि ती निघून गेली.

दोन वाजता माझी पाळी सुरू झाली. दुसऱ्याची चिठ्ठी वाचणं आमच्यात शिष्टसंमत नाही, म्हणून मी ती न वाचता काढली. आत सॉफ्टवेअरमध्ये, बसवल्या दिवशी नव्हतं असं काहीतरी होतं. ते पुसलं. नोंद क्रमांक १,२१९.

शुक्रवारी सकाळी हिल्लेवीने नोंदवही पाहिली. "अस्सं," ती म्हणाली. आमच्याकडे यापेक्षा मोठं भांडण मी पाहिलेलं नाही. मला वाईट वाटलं. नोंदवहीत त्यासाठी रकाना नाही.

प्रोग्राम पुन्हा तयार करता आला असता, पण शुक्रवार अख्खा तार्मोचा. त्याची पाळी मागणं म्हणजे त्याला अवघडून टाकणं, आणि त्याने आपण होऊन देणं म्हणजे तिला जमलं नाही असं चारचौघांत सांगणं. दोघंही सभ्य असल्यामुळे दोघांनी समोरासमोर बसून चार-चार कप कॉफी घेतली.

संध्याकाळी सभेत एन्सिओने यादी उतरवून काढली. हिल्लेवी: मंगळवार, दुपारी तीन. शनिवारची सहाची पाळीही ज्याची त्याच्याकडे राहिली. तो रहिवासी कोण, हे इथे लिहिणं सभ्यपणाचं होणार नाही. (गेली अकरा वर्षं मी दर शनिवारी सात वाजता फळ्या धुऊन, बादली उपडी घालून निघतो. आजवर एकही तक्रार नाही.)

चौथा नियम वाचकांनाही लागू आहे. वाचून झाल्यावर मन होतं तसं ठेवून जावं. हे सांगायची तशी गरज नाही. आजवर एकाही वाचकाने हा नियम मोडल्याची नोंद माझ्याकडे नाही.