कोडबळ्यांचा तह

म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या त्या विमा कचेरीत शाखाप्रमुख कृष्णमूर्तींचं टेबल सुप्रीता आणि संकर्षण यांच्या बरोबर मध्ये होतं. गेलं वर्षभर त्या टेबलाची टपालपेटी झाली होती.

"सार, त्यांना सांगा, फाइल अर्धीच आलीय."

"सार, त्यांना सांगा, उरलेली अर्धी त्यांच्याच ड्रॉवरात आहे."

हात लांब केला तर पोचेल एवढ्यावर दोघं बसत, पण शब्द मात्र कृष्णमूर्तींना वळसा घालून जात. भांडणाचं मूळ होतं गेल्या दसऱ्यात. म्हैसूरला दसऱ्यात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, तशा कचेरीतही मांडल्या होत्या. सुप्रीता एका पायरीवर लग्नाची वरात लावून जेवायला गेली. परत येऊन बघते तर संकर्षणनं त्याच पायरीवर आपली क्रिकेटची टीम बसवलेली! बोलर नवरदेवाच्या अंगावर धावून जातोय आणि विकेटकीपर नवरीच्या मागे ओणवा. सुप्रीतानं अख्खी टीम उचलून खालच्या पायरीवरच्या भाजीवालीच्या टोपलीत घातली. तेव्हापासून अबोला.

यंदा दसरा जवळ आला तसा बंगळूरहून मोठे साहेब अनंतकृष्ण यांचा फोन आला. "कृष्णमूर्ती, बाहुल्या बघायला येतोय. बाहुल्यांबरोबर तुमची टीमही बघणार. त्या दोघांचा अबोला माझ्या कानावर आलाय. दोघं अजून तश्शीच असली, तर तुम्ही कलबुर्गीला जायचं. आयता, कळलं?"

"आयतु, कळलं सार," कृष्णमूर्ती म्हणाले. म्हैसुरातच बोगादीला त्यांचं नवं घर बांधून झालं होतं. व्हरांड्यात झोपाळा टांगला होता आणि त्यावर अजून एक रविवारसुद्धा धड बसून झालं नव्हतं. कलबुर्गीच्या उन्हात झोपाळ्याशिवाय दिवस काढायचे, या विचारानंच त्यांना घाम फुटला.

त्यांनी कंपनीचं ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं. दोघांना समोरासमोर बसवा, मनातलं बोलू द्या, असं त्यात सांगितलं होतं. बसवलं. दोघांनी कृष्णमूर्तींकडे बघूनच मनातलं बोलून घेतलं, आणि बाहुल्यांच्या जोडीला पंखा, खिडकी आणि फ्रिजमधलं दही असे ताजे विषय भांडणाला मिळाले.

शेवटी त्यांनी घरगुती उपाय काढला. त्यांच्या बायकोच्या, वेदवतीबाईंच्या हातचे कोडबळे म्हणजे कडबोळ्यांचे म्हैसुरी भाऊ. तिखट आणि खुसखुशीत. त्यांचे दोन डबे नेऊन कृष्णमूर्तींनी एक संकर्षणच्या टेबलावर ठेवला. "सुप्रीतानं दिलंय. तोंडानं सांगायला लाजते ती." दुसरा सुप्रीताकडे. "संकर्षणनं. बोलू नकोस हं काही, बिचारा संकोची आहे."

मग रोजच डबे जाऊ लागले. उपाय इतका लागू पडला की कृष्णमूर्ती स्वतःवरच खूश झाले. संकर्षणनं आपणहून खिडकी उघडली. सुप्रीतानं पंखा कमी केला. फाइली पूर्ण येऊ लागल्या.

पण वेदवतीबाईंच्या माहेरची एक रीत होती, ती कृष्णमूर्तींच्या ध्यानातच आली नाही. डबा कोणाचाही असो, सगळ्यांत वर एकमेकांत अडकवलेल्या दोन कड्यांचा एक जोडकोडबळा त्या ठेवायच्याच.

"सार," संकर्षण एके दिवशी कानाशी येऊन कुजबुजला, "रोज वर जोडी असते. अम्मा म्हणते, मुलीनं एवढं स्पष्ट सांगितल्यावर आपण गप्प बसणं बरं नाही. सुप्रीताचं गोत्र काय हो?"

कृष्णमूर्तींना ठसका लागला. तो थांबतोय तोच दुसरीकडून सुप्रीता आली. "सार, त्यांच्या घरी कोण कोण असतं? सुम्मने विचारलं हं, उगाच!"

आता खरं सांगावं तर भांडण, न सांगावं तर लग्न! साहेब येऊन जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. रोज पहाटे वेदवतीबाई तळत होत्या आणि विचारत होत्या, "अहो, एवढं खातं तरी कोण?"

"टीम," म्हणून ते डबे उचलून पळत.

साहेब यायच्या दिवशी बाहुल्या झोकात मांडल्या होत्या. वरात आणि क्रिकेट टीम एकाच पायरीवर, मधे बोटभर जागा सोडून. साहेब नमस्कार घेत आत आले, आणि त्यांच्या पाठोपाठ भलंमोठं ताट घेऊन वेदवतीबाई!

"यांची टीम एवढी आवडीनं खाते, म्हटलं आज स्वतःच वाढावं. सणाचा दिवस, म्हणून सगळे जोडीचेच केलेत."

त्यांनी साहेबांना जोडकोडबळा दिला. वॉचमनला दिला. झेरॉक्सवाल्यालाही दिला. संकर्षणनं आपला तुकडा चावला आणि त्याचं तोंड चावता चावता थांबलं. त्यानं सुप्रीताकडे पाहिलं. सुप्रीता त्याच्याचकडे बघत होती.

"म्हणजे तुम्ही नव्हते केले?" वर्षभरात तो पहिल्यांदाच तिच्याशी थेट बोलला.

"अय्यो, मला साधं पीठ भिजवता येत नाही! तुम्ही पाठवत होता ना?"

"मी? मी सारांना तुमचं गोत्र विचारून बसलोय!"

"आणि मी साडी काढून ठेवलीय!"

दोघं एकदमच कृष्णमूर्तींकडे वळली. "सार, हे काय?" एक बोलायला लागलं की दुसरं वाक्य पुरं करत होतं. तो चिडला की ती पुरावा देत होती, ती अडली की तो तारीख सांगत होता. कृष्णमूर्ती मागे सरकत सरकत बाहुल्यांच्या पायऱ्यांना टेकले. बोलर पाठीला टोचला.

"भले!" साहेबांनी टाळी वाजवली. "काय एकजूट! साहेबाच्या तोंडावर मिळून बोलणारी टीम मी आजवर बघितली नाही. कृष्णमूर्ती, तुम्ही कमाल केलीत."

कृष्णमूर्तींच्या जिवात जीव आला. डोळ्यांपुढे झोपाळा हलू लागला.

"कलबुर्गीच्या शाखेत अस्संच भांडण आहे," साहेब पुढे म्हणाले. "तुमच्यासारखा माणूस तिथंच पाहिजे. सोमवारी रुजू व्हा."

दिवाळी जवळ आली तेव्हा कलबुर्गीच्या भाड्याच्या खोलीत, गरम वारा फेकणाऱ्या पंख्याखाली बसून कृष्णमूर्तींनी घरी फोन लावला. पलीकडे तेलाचा चर्र आवाज, हसणं आणि झोपाळ्याची करकर.

"कोण आलंय गं?"

"सुप्रीता आणि संकर्षण. कोडबळे शिकायला येतात दर रविवारी. ती वळते, हा तळतो. अजून जोडी काही जमत नाहीय, पण झोपाळा दोघांना फार आवडलाय हं!"

कृष्णमूर्तींनी कपाळावरचा घाम पुसला.

"तुमच्या तिथल्या टीमचं काय? भांडतात अजून?"

"रोज. आज तर खुर्च्या वाटून घेतल्या."

"अय्यो! मग पाठवू का डबे?"

"नको गं बाई, नको!" कृष्णमूर्ती केवढ्यानं तरी ओरडले. "इथलं मिटलं, तर साहेब मला बिदरला पाठवतील!"